अथेन्स आणि दोनच बेटे: पिंपळगावच्या एका कुटुंबाच्या ग्रीस सहलीची आखणी

पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पती, पत्नी, बारावी झालेला मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या आई अशा चौघांना सप्टेंबरात बारा दिवसांसाठी ग्रीसला जायचे आहे. त्यांनी स्वतः आखलेल्या कार्यक्रमात पहिले दोन दिवस अथेन्स, त्यानंतर मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी आणि क्रीट अशी पाच बेटे, आणि शेवटच्या दिवशी क्रीटहून सकाळच्या बोटीने अथेन्सला येऊन त्याच रात्री मुंबईचे विमान असा क्रम आहे. यात काय बदल करावा आणि आईंना हे झेपेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी नाशिकहून गेली अनेक वर्षे लहान गटांच्या परदेश सहली आखतो आणि त्यांपैकी बऱ्याच सहलींना स्वतः बरोबर जातो. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगतो की हा कार्यक्रम आईंनाच काय, आपल्या मुलालाही झेपणार नाही. यात दोन दोष आहेत. पहिला म्हणजे बेटे फार झाली आहेत आणि दुसरा म्हणजे शहर चुकीच्या टोकाला ठेवले आहे. दुसरा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण नुकसान त्यानेच अधिक होते.

आधी बेटांचा हिशेब पाहू. पाच बेटे म्हणजे सहा वेळा बोट. प्रवास दोन तासांचाच असला तरी त्या दिवशी सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते, सामान घेऊन धक्क्यावर थांबावे लागते, बोट उशिरा येते, पलीकडे उतरल्यावर गाडी शोधावी लागते आणि नवी खोली दुपारी तीनच्या आत ताब्यात मिळत नाही. म्हणजे कागदावर दोन तास दिसणाऱ्या प्रवासात हातचा दिवस जातो. असे सहा दिवस आणि विमानाने पोहोचण्याचा एक दिवस वजा केला तर बारांपैकी पाच उरतात, आणि त्या पाचांत पाच बेटे आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची स्मारके अंगावर बाळगणारे एक शहर पाहायचे आहे.

त्यातच ही पाचही बेटे एका ओळीत नाहीत. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघणारा मोठा मार्ग पारोस, नॅक्सोस आणि सँटोरिनी असा दक्षिणेला जातो. त्यावर मोठ्या बोटी रोज धावतात आणि एका बेटावरून पुढच्या बेटावर जाणे नाशिकरोडहून गाडीत बसून मनमाडला उतरण्याइतके सरळ असते. मिकोनोस या ओळीच्या उत्तरेला आहे, महाग आहे, आणि रात्रभर चालणाऱ्या संगीताच्या क्लबांसाठी अधिक प्रसिद्ध आहे, त्यामुळे आपल्या कुटुंबासाठी ते वगळण्यात मला काहीच तोटा दिसत नाही. क्रीट सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठे. दोन दिवसांत क्रीट पाहिले असे म्हणणे म्हणजे पंचवटीत उतरून सप्तशृंगी, त्र्यंबकेश्वर आणि मालेगाव पाहिले असे म्हणणे होय. क्रीटसाठी पुन्हा कधीतरी वेगळे जावे. पारोस सुंदर आहे, पण ते नॅक्सोसपासून बोटीने तासाभराच्या आत आहे आणि अगदीच मोह झाला तर एका दिवसात जाऊन परत येता येते.

म्हणून माझा कार्यक्रम असा आहे: उतरल्यावर पहिली रात्र पिरेयसमध्ये, मग चार रात्री नॅक्सोस, तीन रात्री सँटोरिनी आणि शेवटच्या तीन रात्री अथेन्स. यात बोटीचे प्रवास दोनच होतात, तिसरा टप्पा विमानाचा.

शहर शेवटी का, याचे कारण वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरकस वारा वाहतो. आकाश निळेभोर असते, ऊन लख्ख पडलेले असते, आणि तरीही समुद्र पांढऱ्या फेसाने भरून जातो, त्यामुळे नवख्या माणसाला आज बोट का नाही हे कळतच नाही. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानावरील कमी दाब यांच्या ओढाताणीतून हा वारा निर्माण होतो. त्यातला कमी दाबाचा पट्टा थेट दक्षिण आशियाच्या पावसाळी कमी दाबाशी जोडलेला असतो, म्हणजे आपल्या बागेवर ढग जमवणाऱ्या यंत्रणेचेच दुसरे टोक तिकडे बोटी अडवते, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो बराच उतरतो, पण पूर्ण जात नाही. वाऱ्याने ठराविक मर्यादा ओलांडली की बंदर अधिकारी बोटी सोडण्यास बंदी करतात. मोठ्या बोटींसाठी ही मर्यादा वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर साधारण आठच्या आसपास असते, तर दुहेरी तळाच्या वेगवान कॅटमरान बोटी त्याआधीच थांबतात.

अशा बंदीत मी स्वतः सापडलो आहे आणि चूक सर्वस्वी माझी होती. सुरुवातीच्या वर्षांत अकरा जणांचा एक गट घेऊन गेलो असताना मी आपल्यासारखाच क्रम ठेवला होता: आधी अथेन्स, मग बेटे, आणि परतीची बोट विमानाच्याच दिवशी. सकाळी सहा वाजता सँटोरिनीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकीवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता, आणि भोवती चार-पाचशे माणसे आपापल्या बॅगांवर बसून होती. त्या दिवशी बोट सुटली नाही. बेटावरून अथेन्सला जाणाऱ्या छोट्या विमानांतील जागा तोवर भरून गेल्या होत्या. मुंबईची अकरा तिकिटे वाया गेली, नवी घ्यावी लागली, आणि त्यातील फरकाची रक्कम मी पुढची दोन वर्षे फेडत होतो. तेव्हापासून शेवटची बोट आणि परतीचे विमान यांच्यात निदान दोन रात्री जमिनीवर असल्याखेरीज मी कोणाचाही कार्यक्रम पक्का करत नाही. बोट वेळेवर सुटली तर त्या रात्री शहर पाहण्यासाठी असतात. बंदी लागली तर शहराचा एक दिवस कापला जातो, पण विमान चुकत नाही.

शहर शेवटी ठेवण्याचे दुसरे कारण अधिक आनंदाचे आहे. सँटोरिनीच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी नावाचे एक नगर आहे. इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि ते राखेखाली गाडले गेले. आज छताखाली लाकडी पुलांवरून चालत आपण त्याच्या गल्ल्या, दोन-तीन मजली घरे आणि सांडपाण्याच्या नाल्या पाहू शकतो. पण त्या घरांच्या भिंतींवरील अनेक चित्रे तेथे नाहीत. पाकोळ्या आणि लाल फुलांनी भरलेली वसंताची खोली, मुष्टियुद्ध करणारी दोन मुले, रेषांच्या फटकाऱ्यांनी काढलेली हरणे ही सारी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नेऊन ठेवली आहेत. आधी अथेन्स पाहिले तर तो भिंतीवरचा एक सुंदर तुकडा वाटतो, आणि अक्रोतिरीच्या गल्लीतून चालून आल्यावर पाहिला तर ज्या खोलीच्या दारात आपण उभे होतो तिचीच ती भिंत असते. नॅक्सोसच्या संगमरवराचेही तसेच आहे. तो दगड आधी बेटावर हाताला लागू द्यावा आणि मग त्याच संग्रहालयातील जुने पुतळे पाहावेत.

आता बोटीविषयी, कारण आईंचा प्रश्न खरा तेथेच येतो. ग्रीसमधील मोठी बोट धक्क्याला पाठीमागून लागते. ती पूर्ण थांबण्यापूर्वीच तिची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते, आणि उतरणारे व चढणारे सगळे त्या एकाच फळीवरून, ट्रक आणि मोटारींच्या शेजारून चालत असतात. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटेच थांबते. त्यामुळे आपले बेट येण्यापूर्वी पंधरा मिनिटे खालच्या गाड्यांच्या मजल्यावर येऊन उभे राहावे लागते. तेथे डिझेलचा वास असतो, पायाखाली लोखंड थरथरत असते, आणि बाजूच्या मांडण्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. चढताना आपल्या बेटाच्या नावाखालीच बॅग ठेवायची, म्हणजे उतरताना शोधाशोध होत नाही. मोठ्या बोटींत वर जाण्यासाठी सरकते जिने असतात, तरी गर्दीत आईंच्या हातात सामान असता कामा नये. चौघांत मिळून दोन चाकांच्या बॅगा आणि दोन पाठीवरच्या सॅक एवढेच न्यावे. याच कारणासाठी आपण कॅटमरानऐवजी मोठी संथ बोट निवडावी असे मी सुचवतो. पिरेयसहून नॅक्सोसला तिला पाच-साडेपाच तास लागतात, कॅटमरान तेच अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापते. पण मोठी बोट लाटांवर कमी उसळते, तिच्या उघड्या डेकवर बसता येते, आणि वारा वाढला तरी ती उशिरापर्यंत चालू राहते. शिवाय ती स्वस्त आहे. मळमळीवर गोळी घ्यायची असेल तर ती चढण्याआधी घ्यावी, सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

पहिली रात्र अथेन्सच्या मध्यवर्ती भागात न ठेवता पिरेयसमध्ये ठेवली आहे, कारण नॅक्सोसची बोट सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते. विमानतळावरून मेट्रोची तीन क्रमांकाची मार्गिका २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते आणि तासाभरात पोहोचवते. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे आईंना पहाटे जाग येणारच आहे. त्या लवकर जाग येण्याचा उपयोग बोट पकडण्यासाठी करून घ्यावा.

नॅक्सोसला चार रात्री दिल्याचे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल, कारण सगळे छायाचित्र सँटोरिनीचे काढतात. पण राहण्यासारखे बेट नॅक्सोस आहे. तेथे शेती आहे, गुरे आहेत, तेथील बटाटा आणि ग्राविएरा नावाचे चीज साऱ्या ग्रीसमध्ये मागितले जाते, आणि गावकरी पर्यटकांवर पूर्णपणे अवलंबून नसल्याने त्यांच्या वागण्यात एक निवांतपणा आहे. बंदरात शिरतानाच डाव्या हाताला पोर्तारा दिसतो: इ.स.पू. सहाव्या शतकातील अपूर्ण राहिलेल्या मंदिराची संगमरवरी चौकट, जिच्या आतबाहेर काहीच उरलेले नाही. मुक्कामाची जागा गावातच, आयिओस येओर्यिओस किनाऱ्याजवळ घ्यावी. तेथे पाणी उथळ आणि आडोशाचे आहे, आणि आईंना चालत जाऊन पाय बुडवून बसता येईल. सप्टेंबरात समुद्राचे पाणी जूनपेक्षा उबदार असते, हाही एक फायदा. एक दिवस बसने हाल्की आणि अपिरांथोस या डोंगरातल्या गावांना द्यावा. अपिरांथोसच्या गल्ल्याच संगमरवराच्या आहेत. बाकी तीन दिवसांत काय करावे हे मी लिहीत नाही, आणि आपणही आधी ठरवू नये.

मुलाला स्कूटर किंवा चार चाकांची क्वाड बाईक भाड्याने घेण्याची इच्छा होईल. ती होऊ देऊ नये. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, वळणांवर बारीक खडी असते आणि सुट्टीवर आलेल्यांचे अपघात तेथे नेहमीचे आहेत. मोटार घ्यायची असेल तर आपण स्वतः घ्यावी आणि त्यासाठी निघण्यापूर्वी पेठ रोडवरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा.

सँटोरिनी हे खचलेल्या ज्वालामुखीच्या तोंडाची कड आहे. बोट अथिनिओस धक्क्याला लागते तेव्हा समोर उभा कडा असतो आणि नागमोडी रस्त्याने गाडी वर चढते. हॉटेलवाल्याला गाडी पाठवायला आधीच सांगून ठेवावे, कारण त्या धक्क्यावर ऐनवेळी टॅक्सी मिळण्याची आशा धरू नये. कड्यावरच्या पांढऱ्या खोल्या छायाचित्रात फार सुंदर दिसतात, पण बहुतेकींपर्यंत पोहोचायला पायऱ्यांचे जिने उतरावे लागतात, आणि आईंच्या गुडघ्यांना दिवसातून चार वेळा ते करायला लावणे योग्य नाही. कड्याच्या मागच्या उतारावरची, सपाट रस्त्यालगतची खोली घ्यावी. ती निम्म्या दरात मिळू शकते, आणि संध्याकाळी फिरा या बेटावरच्या मुख्य गावात कड्यावर जाऊन सूर्यास्त तर सर्वांना फुकटच आहे. ईया गावातला सूर्यास्त पाहायला जी गर्दी होते ती पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर उभे राहिलेल्या माणसाला नवी नाही, पण सुट्टीत ती कशाला हवी? फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका झाली होती आणि हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले होते. त्याच वर्षीच्या हंगामात बेट पुन्हा सुरू झाले, तरी निघण्यापूर्वी ताजी परिस्थिती पाहून घ्यावी.

आपण द्राक्षे पिकवता, म्हणून सँटोरिनीत एक गोष्ट मुद्दाम पाहावी असा माझा आग्रह राहील. तेथे वेलींना ना मांडव आहे, ना इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे लोखंडी अँगल, ना तारा. जुन्या पद्धतीत काडी वर्षानुवर्षे गोल वळवत जमिनीवरच टोपलीसारखी विणत नेतात आणि घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून लपून वाढतात. पाऊस नावापुरता, ठिबक नाही म्हटले तरी चालेल, आणि रात्रीचे समुद्री धुके व दवाचा ओलावा राखाडी मातीतल्या सच्छिद्र दगडांत मुरतो, त्यावर वेल तगते. आपल्याकडे डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम केल्याशिवाय थॉमसन द्राक्षाची नवी बाग कोणी उभी करत नाही. तेथे मात्र युरोपभरच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड त्या वाळूसारख्या, चिकणमाती नसलेल्या जमिनीत जगलीच नाही, त्यामुळे वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. उत्पादन इतके कमी निघते की आपण एकरी आकडा विचाराल तेव्हा ऐकणाऱ्याला तो सांगताना संकोच वाटेल. असिर्तिको जातीची काढणी ऑगस्टमध्येच होते, म्हणून सप्टेंबरात घड पाहायला मिळणार नाहीत. पण आपल्याला घडापेक्षा खोडच पाहायचे असेल, असा माझा अंदाज आहे.

जेवणाची चिंता आईंनी करू नये. ग्रीसच्या सनातनी ख्रिस्ती परंपरेत उपासाचे दिवस पुष्कळ असल्याने मांस, दूध आणि अंडी यांशिवायचे पदार्थ घरोघरी होतात. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, टोमॅटोच्या रश्शातले पांढरे मोठे घेवडे, पालकाची पाई हे साध्या खाणावळीतही मिळते. सँटोरिनीची फावा तर अवश्य खावी. ती आपल्या लाखेच्या डाळीच्या जवळच्या नात्यातल्या दाण्याची, शिजवून घोटलेली, पिठल्यासारखी दिसणारी पिवळी डाळ असते आणि वर कच्चा कांदा व ऑलिव्हचे तेल घालतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी: त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकुल चालते, त्यामुळे 'उपासाचे आहे' एवढ्यावर विश्वास न ठेवता त्यात समुद्रातले काही आहे का, हे वेगळे विचारावे. सँटोरिनीत नळाचे पाणी पिऊ नये, अथेन्समध्ये हरकत नाही.

सँटोरिनीहून अथेन्सला येताना बोटीला सात-आठ तास लागतात आणि विमानाला पाऊण तास. आईंचा विचार करता मी येथे विमान घेईन, आणि त्याचे तिकीट आधी काढून ठेवीन.

अथेन्समध्ये मुक्काम अक्रोपोलिसच्या दक्षिणेला कुकाकी भागात घ्यावा. मेट्रो जवळ आहे आणि रात्री रस्त्यावर वर्दळ असते. अक्रोपोलिसचे तिकीट आता ठराविक वेळेचे असते, २०२५ पासून त्याचा दर ३० युरो आहे, आणि सकाळी आठची वेळ मिळवण्यासाठी ते आधीच घ्यावे. नंतर ऊनही चढते आणि जहाजांवरून आलेले गटही. वरचा संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, त्यामुळे आईंना रबरी तळव्याचे बूटच हवेत. चपलेवर चढू देऊ नये. चालण्यास असमर्थ असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, पण ती सर्वांसाठी नाही. चढून उतरल्यावर खालच्या अक्रोपोलिस संग्रहालयात थंडाव्यात दोन तास काढावेत. तेथे काचेच्या जमिनीखाली जुन्या वस्तीचे उत्खनन दिसते आणि आईंना तेच अधिक आवडेल, असे मला अनुभवाने वाटते. दुसरा दिवस राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला पूर्ण द्यावा. तिसरा दिवस वाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे. तो उरलाच तर दुपारी सूनियोच्या भूशिरावरील पोसायडनच्या मंदिरापर्यंत बसने जाऊन यावे. मोनास्तिराकीच्या मेट्रो स्थानकात पासपोर्ट आणि पैसे मागच्या खिशात नसावेत.

तारखांबाबत आपण सप्टेंबर लिहिले आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधीची ही सवड मला समजते, पण त्याच महिन्यात गणपती असू शकतात आणि त्यामागून पितृपक्ष येतो. वडिलांची तिथी असेल तर ती आधी आईंना विचारून घ्यावी, तिकिटे नंतर काढावीत. महिन्याचा दुसरा पंधरवडा मिळाला तर वाऱ्याच्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा बरा.

राहता राहिला व्हिसा. ग्रीससह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि कधी पंचेचाळीस दिवसही लागतात, म्हणून अर्ज जूनमध्येच द्यावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रात आकडा लहान दिसतो आणि तेथेच बागायतदारांचे अर्ज अडखळतात. त्यासाठी सात-बाराच्या उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर, द्राक्ष विक्रीच्या पावत्या किंवा निर्यातदाराने बँकेत जमा केलेल्या रकमा, आणि सहा महिन्यांचे बँक विवरण एकत्र लावून, कोणती रक्कम कशाची हे एका पानाच्या पत्रात लिहून द्यावे. बोटांचे ठसे देण्यासाठी चौघांनाही व्हिसा केंद्रात जावे लागेल. आईंनी आयुष्यभर बागेत काम केले असेल तर त्यांचे ठसे यंत्रावर चटकन उमटत नाहीत, हे आपण रेशनच्या दुकानात पाहिलेच असेल. आधीचे आठ-दहा दिवस रोज रात्री त्यांच्या बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे आणि त्या सकाळी बोटे स्वच्छ धुऊन, कोरडी करून मगच यंत्रावर ठेवायला सांगावे.